फिलिप्स सीडी १०४ : आवाज सुधारण्यासाठी नेमके काय बदलावे?

तबकडीवेडा, आइंडहोवन

नमस्कार. गेल्या महिन्यात इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात (अशा दुकानाला इकडे 'क्रिंगलोप' म्हणतात) मला फिलिप्सचा सीडी १०४ हा प्लेअर २५ युरोंना मिळाला. मॉडेल १९८४ सालचे असून मागच्या पट्टीवर बेल्जियममध्ये बनवल्याची नोंद आहे. ज्या गावात या कंपनीच्या प्रयोगशाळेत सीडीवर काम झाले, त्याच गावात तिचे सुरुवातीच्या काळातले यंत्र अडगळीतून उचलून आणण्यात एक वेगळाच आनंद होता, हे कबूल करतो. यंत्र उचलताना आतल्या ओतीव धातूचे वजन हाताला जाणवते. आजकालच्या प्लेअरमध्ये असे काही राहिलेले नाही.

यंत्र चालते, परंतु दोन तक्रारी आहेत. थंड असताना सीडी पहिल्या झटक्यात वाचली जाते. मात्र पाऊण तास चालून यंत्र तापले की मधूनच आवाज क्षणभर बंद होतो आणि काही वेळा गाणे पुढे उडी मारते. दुसरी तक्रार डाव्या बाजूच्या आवाजाची आहे. मी तपासणीसाठी किशोरीताई आमोणकरांची एक सीडी वापरतो, कारण सुरुवातीला तानपुरा एकटाच वाजत असतो आणि जवारीचा नाद विरत जातो तिथे यंत्राचे गुणदोष लपत नाहीत. त्या विरत्या नादाच्या शेवटी डावीकडून बारीक चरचर ऐकू येते, जणू कोणी दूरवर कागद चुरगाळत आहे. उजवी बाजू स्वच्छ आहे. एकूण आवाज मात्र मला थोडा मलूल वाटतो.

इंटरनेटवर वाचून मी एक यादी केली आहे: जुने ऑप-ॲम्प (आवाजाचा संकेत हाताळणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायर चिपा) काढून नवे बसवणे, अचूक क्लॉकचे (यंत्राचा ताल ठरवणाऱ्या स्फटिकाचे) वेगळे बोर्ड लावणे, सगळे कपॅसिटर 'ऑडिओ' प्रतीचे घालणे आणि डिजिटल फिल्टर वगळून 'नॉन-ओव्हरसॅम्पलिंग' करणे, म्हणजे सीडीवरचे आकडे त्यांचा वेग न वाढवता तसेच वाजवणे. उत्साहाच्या भरात १५ युरोंचे ऑप-ॲम्प मागवूनही झाले आहेत. सोल्डरिंग मला येते, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. सुमारे २०० युरो खर्च करण्याची तयारी आहे. या कामांचा क्रम कोणता असावा आणि यातले काय खरोखर कानाला कळेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सोल्डरकाका, पुणे

यंत्र उत्तम निवडले आहेत. आता माझे स्पष्ट मत सांगतो: आपल्या यादीतली एकही गोष्ट आज करू नका. चाळीस वर्षांच्या यंत्रात सुधारणा करायची म्हणजे आधी ते कारखान्यातून निघाले तेव्हा जसे वाजत होते तसे वाजले पाहिजे, आणि आपले यंत्र आज तसे वाजत नाही. आपण ज्याला मलूलपणा म्हणता तो मूळ रचनेचा दोष आहे की म्हातारपणाचा, हे दुरुस्तीपूर्वी कोणीही सांगू शकणार नाही.

तापल्यावर आवाज तुटणे हे या मालिकेचे जुने आणि ओळखीचे दुखणे आहे. यातल्या बोर्डांना दोन्ही बाजूंनी तांब्याच्या रेषा आहेत; पण वरची रेष खालच्या रेषेला जोडण्यासाठी छिद्राच्या आत धातूचा मुलामा देण्याऐवजी तिथे छोट्या पोकळ रिव्हेटसारख्या नळ्या दाबून बसवल्या आहेत आणि दोन्ही टोकांना सोल्डर केले आहे. त्यांना ग्रिपलेट म्हणतात. बोर्ड तापतो, थंड होतो, नळी आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि काही वर्षांनी सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. थंड असताना ती चीर मिटलेली असते, तापली की उघडते. वरून पाहाल तर सोल्डर चकचकीत दिसेल. भिंग लावून, उजेड तिरपा धरून पाहिलेत तरच नळीभोवतीचे काळसर कडे दिसेल.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका स्नेह्याचा सीडी १०४ माझ्याकडे आला, तेव्हा मी एका संध्याकाळी सगळ्या नळ्यांवरचे सोल्डर नुसते पुन्हा वितळवून दिले आणि यंत्र सुरेख वाजू लागले म्हणून परत केले. दोन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, ते तक्रारीसह दारात हजर झाले. नळी जुनी, तिचा पृष्ठभाग काळवंडलेला; त्यावर नवे सोल्डर धरत नाही. खरा उपाय वेळखाऊ आहे. पंपाने जुने सोल्डर ओढून घ्यायचे, छिद्रातून बारीक कल्हई केलेली तांब्याची तार आरपार घालायची, दोन्ही टोके रेषेवर आडवी करायची आणि दोन्ही बाजूंनी सोल्डर करायचे. एकही नळी वगळू नका, कारण आज चांगली असलेली पुढच्या वर्षी जाईल. सोल्डरिंग आयर्न एका जागी फार वेळ टेकवू नये. या बोर्डांवरची तांब्याची रेष सहज उचलली जाते आणि मग दुरुस्तीची दुरुस्ती करत बसावे लागते.

त्यानंतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आडवे बसवलेले निळे नग दिसतील. त्यांतले बरेच आतून सुकलेले असतात. एकदम सगळे काढू नका. एक काढा, धन-ऋण बाजू कागदावर लिहा, नवा बसवा, मग पुढचा. १०५ अंशांचे कोणत्याही प्रतिष्ठित कंपनीचे नग घ्या. 'ऑडिओ' असे सोनेरी अक्षरांत छापलेल्या नगासाठी चौपट पैसे मोजण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

डाव्या बाजूच्या चरचरीसाठी आपल्या हातात एक नामी साधन आहे. या यंत्रात दोन्ही बाजूंना टीडीए १५४० ही स्वतंत्र डॅक चिप (सीडीवरच्या आकड्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी) आहे, म्हणजे उजवी निरोगी बाजू हाच आपला नकाशा. दोन्ही चिपांना अधिक ५, उणे ५ आणि उणे १७ व्होल्ट मिळायला हवेत. उजवीकडे मोजा, डावीकडे त्याच पायावर मोजा, आणि आकडा स्थिर आहे की हलतो आहे ते पाहा. मोजताना मीटरच्या तारेचे टोक घसरून दोन पाय एकमेकांना चिकटले तर न मिळणारी चिप जाईल, तेव्हा चहा पिऊन, हात स्थिर असताना हे काम करा.

लेसरच्या छोट्या पोटेन्शिओमीटरला मात्र हात लावू नका. इथल्या एका दुकानात सीडी अडकते म्हणून तो स्क्रू फिरवून 'ताकद वाढवलेले' यंत्र मी पाहिले आहे. ते तीन आठवडे झकास चालले आणि मग कायमचे बंद पडले. दोष होता ग्रिपलेटमध्ये. लेन्स काचेची आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापसाने एकदा हलकेच पुसा, एवढेच पुरे. लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आहे, तेव्हा यंत्र चालू असताना लेन्समध्ये डोकावू नये.

यातली यंत्रणा, सीडीएम-१, ओतीव धातूची आहे आणि लेन्स रुळावरून न सरकता घड्याळाच्या लंबकासारख्या झुलत्या हातावर फिरते. झिजायला फारसे काही नाहीच. तिला सांभाळा, बाकी सगळे बाजारात मिळते.

नादखुळा, कोल्हापूर

काकांच्या दुरुस्तीच्या सल्ल्याला माझा विरोध नाही, परंतु दुरुस्तीवरच थांबावे हे मला पटत नाही. माझ्याकडे त्याच कंपनीचा पुढच्या पिढीचा प्लेअर आहे, ज्यात टीडीए १५४१ए ही १६ बिटांची चिप आहे. त्यातला एसएए ७२२० हा डिजिटल फिल्टर मी काढून टाकला, आधीच्या चिपकडून येणारा संकेत तारांनी थेट डॅकला दिला आणि बाहेरच्या टप्प्यात ऑप-ॲम्पऐवजी व्हॉल्व्ह वापरला. तबल्याच्या चाटेवर बोट पडते तो क्षण, त्याआधी काहीसा पुसट येत असे, तो आता नेमका ऐकू येतो. सारंगी तर समोर बसल्यासारखी वाटते. घरी येणाऱ्या चार जणांपैकी तिघांना फरक लगेच जाणवला. चौथे माझे सासरे, त्यांना जेवण कधी वाढणार एवढेच जाणून घ्यायचे होते.

तेव्हा तबकडीवेडा यांनी दुरुस्ती झाल्यावर फिल्टर वगळण्याचा प्रयोग अवश्य करावा, आणि हात लावलाच आहे तर क्लॉकचे बोर्डही बसवून घ्यावे. २०० युरोंत दोन्ही आरामात बसेल.

आकडेमोड्या, बंगळूरु

नादखुळा यांच्या यंत्रात त्यांना जे आवडले ते त्यांचे त्यांना लखलाभ असो. परंतु तो प्रयोग सीडी १०४ वर जसाच्या तसा करता येत नाही, आणि याचे कारण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट या चर्चांमध्ये सर्रास निसटते.

टीडीए १५४० ही १४ बिटांची चिप आहे आणि सीडीवरचा नमुना (आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप) १६ बिटांचा असतो. मग उरलेल्या दोन बिटांचे काय होते? इथेच एसएए ७०३० या फिल्टरची खरी करामत आहे. तो प्रथम नमुन्यांचा वेग ४४.१ वरून चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झ करतो. त्यानंतर प्रत्येक नमुना १४ बिटांत बसवताना जो भाग कापला जातो, तो फेकून न देता पुढच्या नमुन्याच्या हिशोबात परत मिसळतो, जसा वाणी सुटे नसले की उरलेले पैसे पुढच्या खेपेच्या बिलात धरतो. त्यामुळे चूक साचत जात नाही आणि कापाकापीचा खरखराट बहुतांशी कानापलीकडच्या वारंवारतांमध्ये ढकलला जातो. फिलिप्सच्या अभियंत्यांनी त्या काळी मांडलेला हिशोब असा होता: १४ बिटांचे ८४ डेसिबल, चौपट वेगामुळे आणखी ६, आणि चूक परत मिसळण्यामुळे आणखी ७, असे मिळून ९७ डेसिबल, म्हणजे १६ बिटांच्या तोडीचे. स्वतः १६ बिटांची चिप त्या वेळी हाताशी नसताना त्यांनी ही वाट काढली.

आता हा फिल्टर काढला तर काय उरते? नुसते ८४. नादखुळा यांच्या टीडीए १५४१ए ला पूर्ण १६ बिट मिळतात, म्हणून त्यांचे हे नुकसान झाले नाही. सीडी १०४ मध्ये मात्र शेवटचे दोन बिट सरळ गळून पडतील, आणि ते गळतील ते नेमके तानपुऱ्याच्या विरत्या नादाच्या जागी, जिथे प्रश्नकर्ता इतक्या बारकाईने ऐकतो आहे.

दुसरा मुद्दा दोन्ही यंत्रांना लागू आहे. फिल्टर वगळल्यावर ४४.१ किलोहर्ट्झच्या पायऱ्या तशाच बाहेर येतात आणि वरचे सूर उतरतात: १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबल. अनेकांना हा उतार 'मऊ, ॲनालॉगसारखा' वाटतो. तसे वाटण्याला माझी हरकत नाही, पण तो टोन कंट्रोलचा परिणाम आहे, तपशील वाढल्याचा नव्हे. शिवाय १० किलोहर्ट्झच्या सुराची प्रतिमा (मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली खोटी छाया) ३४.१ किलोहर्ट्झला उमटते, आणि सीडी १०४ मधला मागचा ॲनालॉग फिल्टर सौम्य, तिसऱ्या कोटीचा ('थर्ड ऑर्डर') आहे, १७६.४ च्या आसपासच्या प्रतिमा अडवण्यासाठी तो घातलेला आहे, इतक्या खालच्या नव्हे. त्या साऱ्या पुढे ॲम्प्लिफायरच्या गळ्यात पडतात.

क्लॉकविषयी थोडक्यात: बाजारातली तयार बोर्डे बहुधा ११.२८९६ किंवा १६.९३४४ मेगाहर्ट्झची असतात. आपल्या यंत्रातल्या स्फटिकावर छापलेला आकडा आधी वाचा आणि तो जुळत नसेल तर तो विषय तिथेच सोडून द्या.

ऑप-ॲम्पबाबत माझे मत काकांपेक्षा किंचित मवाळ आहे. आत ५५३२ निघाला, तर त्याचा वेग दर मायक्रोसेकंदाला सुमारे ९ व्होल्ट असतो. २ व्होल्टच्या आउटपुटवर २० किलोहर्ट्झच्या सुराला जेमतेम ०.३६ व्होल्ट लागतो. डॅकच्या प्रवाहातल्या तीक्ष्ण पायऱ्या त्याहून वेगवान असतात, त्यामुळे ज्या टप्प्यात प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर होते तिथे वेगवान ऑप-ॲम्पचा काही उपयोग होऊ शकतो, हे खरे. परंतु वेगवान ऑप-ॲम्प जुन्या बोर्डावर लांबलचक रेषांमुळे मेगाहर्ट्झमध्ये स्वतःच गुणगुणू लागतो, आणि ते कानाला कळत नाही. फक्त आवाज 'कडक' वाटतो आणि चिप गरम होते. ऑसिलोस्कोप नसताना हा उद्योग करणे म्हणजे डोळे मिटून दाढी करण्यासारखे आहे. करायचाच असेल तर ऑप-ॲम्पच्या वीजपुरवठ्याच्या पायांलगत १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावा, आणि तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज मीटरने मोजून एक दशांश डेसिबलपर्यंत सारखा करा. जो किंचित मोठा वाजतो तोच 'उघडा, मोकळा' वाटतो, या सापळ्यात आपण सगळेच कधी ना कधी अडकलो आहोत.

नादखुळा, कोल्हापूर

१४ बिटांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माझा सल्ला या यंत्रापुरता मागे घेतो. माझ्या घरची सारंगी मात्र मागे घेणार नाही.

तबकडीवेडा, आइंडहोवन

सर्वांचे आभार. सात आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काकांनी सांगितलेला क्रम पूर्ण करूनच उत्तर द्यायचे ठरवले होते.

प्रथम व्होल्टेज मोजले. उजव्या चिपवर उणे १७.१ स्थिर होते. डावीकडे उणे १५.८ आणि तोही आकडा श्वास घेतल्यासारखा खालीवर होणारा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोर्ड हलकेच दाबला की तो १७ वर जाई, पेन्सिल उचलली की पुन्हा घसरे. भिंगातून शोधत गेलो तेव्हा त्या पुरवठ्याच्या मार्गावरच्या एका ग्रिपलेटभोवती काकांनी वर्णन केले आहे तसेच काळे कडे सापडले. मी चार दिवस ऑप-ॲम्पच्या नावांवर घालवले होते आणि दोष होता तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत.

सर्व नळ्यांतून तारा घालायला तीन शनिवार-रविवार लागले. एका ठिकाणी रेष उचलली गेलीच. तिथे वरून तारेचा पूल टाकला आहे. त्यानंतर इलेक्ट्रोलिटिक बदलले. काढलेल्यांपैकी एका ३३ मायक्रोफॅरडच्या नगाने मीटरवर ६ दाखवले, बाकीचे कुठे निम्मे, कुठे ठीक. आता यंत्र तीन-तीन तास चालते, आवाज तुटत नाही आणि चरचर पूर्ण गेली आहे. तानपुऱ्याचा नाद विरतो तिथे आता मागची मूळ ध्वनिमुद्रणाची सळसळ ऐकू येते, दोन्ही बाजूंनी सारखी. मलूलपणाही बराच कमी झाला आहे. तो कपॅसिटरमुळे गेला की त्या डाव्या पुरवठ्यामुळे, हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही कामे लागोपाठ केली.

एकूण खर्च ३८ युरो. ऑप-ॲम्प अजून खणात आहेत. एकच शंका उरली आहे: जुन्या जपानी सीडींपैकी एक इतरांपेक्षा किंचित तीक्ष्ण वाजेल अशी माझी अपेक्षा होती, पण ती व्यवस्थित वाजते. पुढे कधी आउटपुटचा टप्पा बदललाच तर तिच्यावर परिणाम होईल का?

सोल्डरकाका, पुणे

अभिनंदन. तारेचा पूल टाकावा लागला याचे वाईट वाटून घेऊ नका. माझ्या हातच्या बोर्डांवर असे पूल मोजायला बसलो तर दिवस जाईल.

आपली शंका रास्त आहे. सुरुवातीच्या काही सीडींवर, विशेषतः जपानी आवृत्त्यांवर, वरचे सूर मुद्दाम वाढवून नोंदवलेले असत आणि सीडीवरच्या खुणेवरून प्लेअर ते वाजवताना पुन्हा उतरवत असे. या पिढीच्या यंत्रांत हे काम ॲनालॉग टप्प्यातच होते. कित्येक जण नवा आउटपुट बसवताना तो भाग विसरतात आणि मग त्या सीडी कर्कश वाजतात म्हणून सीडीलाच दोष देतात. आपली ती जपानी तबकडी जपून ठेवा. कोणताही बदल केल्यावर सर्वांत आधी तीच लावून पाहा.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आजची तारीख आणि बदललेल्या कपॅसिटरांचे क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याचे, बहुधा आपलेच, दोन दिवस वाचतील.